खुब्याचा अस्थिभंग : शस्त्रक्रियेची निवड

मांडीच्या हाडाच्या वरच्या टोकाशी झालेल्या मोडीस खुब्याचा अस्थिभंग म्हणतात. उतारवयात हाडे ठिसूळ झालेली असतात, त्यामुळे न्हाणीत पाय घसरण्याएवढे निमित्तही पुरते. हाड जागचे सरकले असल्यास तो पाय आखूड दिसतो, पाऊल बाहेरच्या अंगाला कलंडते आणि टाच अंथरुणावरून उचलता येत नाही. सांगली-मिरज भागात नातेवाइकांचा पहिला प्रश्न बहुधा ‘रॉड टाकायचा की बॉल बसवायचा?’, म्हणजे हाडात सळई घालायची की कृत्रिम गोळा बसवायचा, असाच असतो. प्रश्न रास्त आहे. परंतु त्याचे उत्तर इम्प्लांटच्या, म्हणजे शरीरात बसवायच्या या कृत्रिम भागाच्या, किमतीत नसून मोड नेमकी कोठे आहे, यात आहे.

मांडीच्या हाडाच्या वरच्या टोकाला गोळा असतो आणि त्याच्या लगत खाली हाडाची अरुंद मान. खुब्याच्या या गोळ्याला रक्त पुरवणाऱ्या प्रमुख वाहिन्या मानेला बिलगून वर जातात. मानेतच मोड होऊन तुकडे सरकले, तर या वाहिन्या तुटतात आणि स्क्रूने हाड जुळवले तरी गोळा पुढे निर्जीव होण्याचा धोका राहतो. म्हणून वृद्धांमध्ये तो काढून कृत्रिम गोळा बसवतात. पडण्यापूर्वी स्वतंत्रपणे हिंडणाऱ्या, प्रकृतीने धडधाकट व्यक्तीस वाटीसह (गोळा जिच्यात फिरतो ती कमरेच्या हाडातील खोबण) संपूर्ण सांधा बदलण्याचा पर्यायही असतो. तरुण रुग्णात मात्र स्वतःचा गोळा वाचवणे मोलाचे, त्यामुळे तेथे तातडीने हाड बसवून स्क्रू घालतात. तुकडे सरकलेलेच नसतील, तर वृद्धांतही बहुधा स्क्रूंवर भागते.

मानेच्या खाली, उंचवट्यांच्या भागात मोड असल्यास चित्र पालटते. तेथे रक्तपुरवठा भरपूर असल्याने हाड जुळते. प्रश्न उरतो तो पकडीचा. मोड स्थिर असेल, म्हणजे जुळवलेले तुकडे जागीच टिकत असतील, तर प्लेट व सरकता स्क्रू पुरतो, अस्थिर किंवा उलट तिरकी (आतून बाहेरच्या अंगाला खाली उतरणारी) असेल तर हाडाच्या पोकळीत रॉड घालणे श्रेयस्कर ठरते. गोळ्यातील स्क्रू चुकीच्या जागी बसला, तर महागडा रॉडही ठिसूळ हाडातून निसटतो, हे सहसा कोणी सांगत नाही.

पायाला वजन लावून आठवडेच्या आठवडे झोपवून ठेवण्याची जुनी रीत आता शस्त्रक्रिया अशक्य असलेल्यांपुरतीच उरली आहे. कारण अंथरुणावर पाठीला जखमा होतात, छातीत कफ साठतो, शिरांत रक्ताच्या गुठळ्या होतात. शस्त्रक्रिया शक्यतो ४८ तासांच्या आत व्हावी, असा संकेत आहे. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये रुग्णालय उभारल्यापासून मिरज उपचारांचे केंद्र बनले असून सीमेपलीकडच्या कर्नाटकातूनही रुग्ण तेथे येतात. तरी जतसारख्या दूरच्या तालुक्यात आधी झाडपाल्याचा लेप लावण्यात दोन-चार दिवस गेले, तर ही मुदत घरीच संपते.

शस्त्रक्रियेनंतर शक्यतो दुसऱ्याच दिवशी रुग्णाला वॉकरच्या आधाराने उभे करतात. कृत्रिम सांधा निखळू नये म्हणून उकिडवे बसणे व मांडी घालणे टाळावे लागते. त्यामुळे घरी परतण्याआधी कमोडची खुर्ची आणि उंच पलंग यांची सोय करून ठेवावी लागते.