पोषणबाग (मुंबई)

वस्तीतील कुटुंबांनी मिळून, विक्रीसाठी नव्हे तर स्वतःच्या ताटातील विविधता वाढवण्यासाठी केलेली भाजीपाल्याची लागवड. परसबाग, पोषणवाटिका ही नावेही रूढ आहेत. मुंबईत बहुतेकांना परसच नसल्याने ती मुख्यतः गच्ची, अंगणवाडीची मोकळी जागा व कुंड्या-डबे यांत केली जाते.

उगमाविषयी एकमत नाही. तिचा धागा दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील ‘अधिक धान्य पिकवा’ मोहिमेशी (१९४२-४३ च्या सुमारास) जोडला जातो. रुळांलगत रेल्वे कर्मचाऱ्यांना भाडेपट्ट्याने दिलेल्या जमिनीवरची पालक-माठाची शेती हा त्या मोहिमेचा वारसा मानता येईल. पण तो माल बाजारात जातो, शिवाय नाल्याच्या पाण्याबद्दलचे आक्षेप गंभीर आहेत. मोहिमेचा रोखही धान्याच्या तुटीवर होता. ओडिशात साधारण १९६० च्या आसपास सुरू झालेल्या, युनिसेफच्या साहाय्याने चाललेल्या पोषण कार्यक्रमात गाव व शाळेच्या बागा आणि कुक्कुटपालन यांची सांगड होती. उगम तेथे मानणे अधिक ग्राह्य वाटते. गच्चीवरच्या लागवडीचे तंत्र मात्र निराळ्या वाटेने आले : श्रीपाद दाभोळकरांचा प्रयोग परिवार (प्रयोगशील शेतकऱ्यांचे जाळे) आणि उसाची चिपाडे व ओला कचरा वापरून केलेले शहरी शेतीचे प्रयोग. मुंबई बंदराच्या मध्यवर्ती स्वयंपाकगृहाच्या गच्चीवरील बाग (२००० नंतर) याच परंपरेतली.

आहारवैविध्य मोजण्यासाठी स्त्रियांच्या बाबतीत दहा अन्नगट धरतात. आदल्या दिवस-रात्रीत त्यांपैकी किमान पाच गट खाल्लेले असावेत. पंधरा ग्रॅमपेक्षा कमी खाल्लेला पदार्थ गणला जात नाही, त्यामुळे आमटीवर भुरभुरलेली कोथिंबीर सुटते. वडापावातील पाव आणि बटाटा एकाच गटात येतात. वड्यावरच्या बेसनाचे प्रमाण पुरेसे असेल तरच डाळींचा दुसरा गट मिळतो. दिवसभर वडापाव-चहावर राबणाऱ्या बाईचे पोट भरते, पण गट वाढत नाहीत. माठ, पालक, अळू, शेवग्याचा पाला यांनी गडद हिरव्या पालेभाज्यांचा गट आणि लाल भोपळ्याने अ-जीवनसत्त्वाचा गट भरून निघतो. कुंडीत वा डब्यात बहुधा एवढेच शक्य आहे आणि तेही मोलाचे आहे. दूध, अंडी, मासळी यांसाठी बाजारावाचून गत्यंतर नाही.

अशा बागांमुळे आहारातील विविधता वाढते, याला बऱ्यापैकी आधार आहे, विशेषतः बागेला स्त्रियांच्या पोषणशिक्षणाची जोड असेल तर. मुलांच्या उंची-वजनावरील परिणामाचा पुरावा दुबळा आहे. राज्यात उमेद अभियानाची (राज्य ग्रामीण जीवनोन्नती अभियान) ‘माझी पोषण परसबाग’ मोहीम मुख्यतः ग्रामीण भागातली.

आरे व बोरिवलीच्या जंगलालगतच्या आदिवासी पाड्यांत पावसाळ्यात टाकळा, कुर्डू, शेवळ अशा रानभाज्या खाल्ल्या जातात. त्या लावाव्या लागत नाहीत, ओळखाव्या मात्र लागतात आणि रांधण्याची रीतही ठाऊक असावी लागते : शेवळाची खाज मोडायला सोबत काकड या रानझाडाची फळे घालतात.