नाकाची दांडी, नाकाचा शेंडा आणि भरावाची निवड

युरोप-अमेरिकेत नाकाची सौंदर्यशस्त्रक्रिया वाढली ती मुख्यतः नाक लहान करण्यासाठी. उंच दांडी तासणे, मधला उंचवटा काढणे, रुंद शेंडा आवळणे हीच तेथील नेहमीची कामे होती. कोरिया, जपान, तैवान, चीन येथील शल्यविशारदांकडे येणारी मागणी बहुधा उलट असते. तेथील अनेकांच्या नाकाची दांडी बसकी, शेंड्याची त्वचा जाड आणि आतील कूर्चा, म्हणजे नाक-कानाला आकार देणारी हाडाहून लवचीक ऊती, मऊ व लहान असते. ही चेहऱ्याची एक सहज ठेवण आहे आणि ती बदलण्याची वैद्यकीय गरज नसते, पण ज्यांना ती बदलायचीच आहे त्यांच्या नाकात काहीतरी घालावे लागते. ते सिलिकॉनसारखे कृत्रिम असावे की त्याच व्यक्तीच्या शरीरातून काढलेले, यावर सोलपासून तैपेईपर्यंत अनेक दशके मतभेद आहेत. माझ्या मते या प्रश्नाचे उत्तर संपूर्ण नाकासाठी एकच असू शकत नाही, कारण दांडी आणि शेंडा या दोन अगदी वेगळ्या जागा आहेत.

सिलिकॉनची पट्टी गुळगुळीत असते आणि तिला छिद्रे नसतात. शरीर तिला आपलेसे करत नाही, तर तिच्याभोवती तंतुमय ऊतीचे पातळ आवरण विणून तिला वेगळे ठेवते. त्यामुळे ती कधीच पूर्णपणे रुजत नाही, पण काढायची वेळ आली तर सहज निघते. दुसरा पर्याय विस्तारित टेफ्लॉनचा, म्हणजे सामान्यतः गोर-टेक्स या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पदार्थाचा. त्यात साधारण १० ते ३० मायक्रॉनची (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) सूक्ष्म छिद्रे असतात, त्यांत आजूबाजूची ऊती थोडी शिरते आणि पट्टी जागेवर घट्ट बसते. मात्र जिथे ऊती शिरते तिथे सुमारे एक मायक्रॉनचा जिवाणूही शिरू शकतो, आणि रुजलेली पट्टी काढणे सिलिकॉनपेक्षा अवघड जाते.

आता जागेचा विचार करू. दांडीचा वरचा भाग हाडावर टेकलेला आणि स्थिर असतो, म्हणून तिथे हाडाच्या आवरणाखाली नीट बसवलेली, बेताच्या उंचीची पट्टी अनेकांच्या नाकात वर्षानुवर्षे विनातक्रार राहते. शेंडा मात्र हसताना, बोलताना, नाक पुसताना सतत हलतो. पूर्वी इंग्रजी एल अक्षराच्या आकाराची सिलिकॉनची पट्टी वापरत, जिचा आडवा पाय शेंड्याला आतून उचलून धरी. त्या सततच्या दाबाने शेंड्याची त्वचा हळूहळू पातळ होई, लाल दिसू लागे आणि काही रुग्णांत पट्टी त्वचा फाडून बाहेर येई. शेंड्याला परक्या वस्तूने ताण देणे मला कोणत्याही परिस्थितीत समर्थनीय वाटत नाही. कोरियात रूढ झालेला मधला मार्ग, म्हणजे दांडीवर कृत्रिम पट्टी आणि शेंड्याला रुग्णाचीच कूर्चा, या अनुभवातूनच आलेला आहे.

स्वतःची कूर्चा इतकी भरवशाची का, याचे कारण तिच्या रचनेत आहे. त्वचेशी तुलना केली की ते कळते. १७९४ साली लंडनच्या ‘जेंटलमन्स मॅगझिन’ने पुण्याजवळच्या एका शस्त्रक्रियेची हकीकत छापली होती. टिपूच्या कैदेत नाक कापले गेलेल्या कावसजी नावाच्या गाडीवानाला तेथील एका कारागिराने कपाळाच्या त्वचेतून नवे नाक करून दिले होते. त्या त्वचेचा देठ भुवयांमध्ये जोडलेलाच ठेवावा लागला, कारण रक्तपुरवठा तुटला असता तर ती मेली असती. कूर्चेला असा देठ लागत नाही. तिच्यात रक्तवाहिन्याच नसतात, आजूबाजूच्या द्रवातून पाझरणाऱ्या पोषणावर तिच्या पेशी जगतात, म्हणून ती एका जागेहून काढून दुसरीकडे ठेवली तरी टिकते.

अडचण आहे ती पुरवठ्याची. नाकाच्या मधल्या पडद्याची कूर्चा सरळ आणि सर्वांत सोयीची, पण नाकाचा आधार कोसळू नये म्हणून तिची वरची आणि पुढची साधारण एक सेंटिमीटर रुंदीची कड जागेवर ठेवावीच लागते, आणि पडदाच लहान असेल तर उरलेल्या भागातून फारसे काही मिळत नाही. कानाच्या मागून काढलेली कूर्चा लवचीक व मुळातच वळलेली असल्याने शेंड्यावर शोभते, पण दांडीसाठी अपुरी पडते. राहते ती बरगडीची. ती भरपूर मिळते, मात्र त्यासाठी छातीवर व्रण येतो, काही दिवस श्वास घेतानाही दुखते, फुप्फुसाच्या आवरणाला इजा होण्याचा थोडा धोका असतो आणि वय वाढलेल्या माणसात ती कॅल्शियम साठून ठिसूळ झालेली असते. शिवाय कोरलेली बरगडी वाकते. तिच्या बाहेरच्या व आतल्या थरांतील ताण एकमेकांना तोलून धरत असतात, त्यामुळे एकाच बाजूने तासले की तोल बिघडतो. गिब्सन आणि डेव्हिस या संशोधकांनी १९५८ मध्येच हे मांडले आणि दोन्ही बाजूंनी सारखे कोरण्याचा मार्ग सांगितला. कूर्चेचे बारीक तुकडे करून कानावरील स्नायूच्या पातळ आवरणात गुंडाळून दांडीवर ठेवण्याची पद्धतही याच वाकण्यावर तोड म्हणून वापरली जाते.

कृत्रिम पट्टीतला खरा धोका जंतुसंसर्गाचा, आणि तो शस्त्रक्रियेनंतर अनेक वर्षांनीही उद्भवू शकतो. जिवाणू पट्टीवर चिकट थर करून राहतात, त्या थरात प्रतिजैविके पुरेशी पोहोचत नाहीत आणि अखेर पट्टी काढावीच लागते. त्यानंतर भोवतीच्या आवरणाचा व्रण आकसत जातो, शेंडा वर ओढला जातो, नाक आखूड होते आणि समोरून नाकपुड्या दिसू लागतात. असे आकसलेले नाक पुन्हा लांबवण्यासाठी भक्कम आधार लागतो, आणि तो बहुतेक वेळा बरगडीतूनच घ्यावा लागतो. पडद्याची कूर्चा एकदा काढली की पुन्हा वाढत नाही, त्यामुळे दुसऱ्या वेळेसाठी बरगडीच राखून ठेवावी लागते. म्हणूनच स्वतःच्या ऊतीचा आग्रह धरणारे शल्यविशारदही पहिल्याच, साध्या शस्त्रक्रियेत बरगडीला हात लावण्यापूर्वी विचार करतात, आणि म्हणूनच पहिल्या भेटीत रुग्णाने केवळ नव्या नाकाचे चित्र न पाहता, दुसऱ्यांदा शस्त्रक्रिया करावी लागली तर कूर्चा कुठून घेणार, हेही विचारून घ्यावे.