गलाता मेव्हलेवीखाना

इस्तंबूलमधील मेव्हलेवी या सूफी पंथाच्या दर्वेशांचा सर्वांत जुना मठ. कोन्या येथे १२७३ मध्ये निवर्तलेले मौलाना जलालुद्दीन रूमी यांच्या परंपरेचा हा तकिया इस्कंदर पाशाने १४९१ मध्ये आपल्या शिकारीच्या वाडीत उभारून दिला. १७६५ च्या आगीत तो जळाला. पुढे नव्याने बांधला गेला. १७९१ पासून कवी शेख गालिब येथील गादीवर होते. त्यांची कबर आवारातच असून दारावरून जाणारा उतरता रस्ता गालिब देदे यांच्या नावाने ओळखला जातो. वरच्या अंगाला, १८७५ पासून धावणाऱ्या ‘त्युनेल’ या भुयारी गाडीचे स्थानक आहे.

बहुतेक लोक समाखाना, म्हणजे समा या गिरकीच्या प्रार्थनेचे दालन, पाहायला येतात. तो अष्टकोनी आहे, जमीन लाकडी आणि घोटून गुळगुळीत झालेली. पांढऱ्या घोळदार झग्यांतले दर्वेश येथेच गिरकी घेत. पण दर्वेश घडे तो मुदपाकखान्यात, आणि तकिया समजून घ्यायचा तर तिथूनच सुरुवात करावी. नवखा आला की त्याला आधी स्वयंपाकघराच्या दाराशी कातड्यावर तीन दिवस गुडघे मोडून बसवत. बोलायचे नाही, चाललेले काम नुसते पाहायचे. त्यानंतरही मन ठाम असेल, तर १००१ दिवसांची सेवा सुरू होई: झाडलोट, भांडी, पाणी, बाजारहाट. मध्येच सोडली तर पुन्हा पहिल्या दिवसापासून. गिरकीचा सरावही फळीवर होई. फळीत एक गुळगुळीत खिळा ठोकलेला असे. डाव्या पायाचा अंगठा आणि शेजारचे बोट यांच्या बेचक्यात तो धरून, खाली मीठ भुरभुरून, नवखा स्वतःभोवती फिरत राही. सहज दिसणाऱ्या त्या गिरकीमागे ही सोललेली बोटे आहेत.

१९२५ च्या कायद्याने तुर्कस्तानातील सगळे तकिये बंद झाले. ही वास्तू १९७५ मध्ये संग्रहालय म्हणून उघडली. मेव्हलेवी समा २००८ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत आला, आणि येथे आजही त्याचे प्रयोग होतात. ते तिकीट काढून पाहायचे असले, तरी टाळ्या वाजवू नयेत; मुळात ती प्रार्थना आहे.

आवारातील दफनभूमीला ‘हामूशान’, म्हणजे मौन झालेले, असे म्हणतात. दर्वेशांच्या उभ्या शिळांच्या माथ्यावर त्यांची उंच नमद्याची टोपी दगडात कोरलेली आहे. १७२९ मध्ये ऑटोमन तुर्कीतले पहिले पुस्तक छापणारा इब्राहिम मुतेफेर्रिका याची कबरही याच झाडांखाली आहे.