लहान मुलांचे ऑनलाइन सुरक्षा-शिक्षण

साधारण चार ते दहा वर्षांच्या मुलांना मोबाइल आणि इंटरनेट वापरताना काय उघड करू नये, काय दाबू नये आणि काही विचित्र दिसले तर कोणाकडे जावे, हे शिकवण्याची रीत. मार्च २०२० च्या टाळेबंदीनंतर भारतात तिची निकड वाढली. शाळाच फोनवर भरू लागली आणि पहिली-दुसरीतल्या मुलांच्या हाती तासन्‌तास फोन आला.

हा फोन बहुधा मुलाचा नसतो, आईचा किंवा बाबांचा असतो. त्याच्यावरच यूपीआय, बँकेचे संदेश आणि नातेवाइकांचे व्हॉट्सअ‍ॅप गट असतात. त्यामुळे ‘तुझा पासवर्ड कोणाला सांगू नकोस’ एवढ्या नियमाने भागत नाही. गेम चालू असताना वरच्या पट्टीत ओटीपी झळकतो, आणि आकडे नुकतेच वाचता येऊ लागलेले मूल फोनवरच्या ‘काकां’ना ते कौतुकाने वाचून दाखवते. नाव, पत्ता, शाळा सांगायची नाही, हेही शिकवले जाते. मात्र गणवेशातला, खिशावर शाळेचे बोधचिन्ह असलेला फोटो स्टेटसला ठेवणारे बहुतेकदा पालकच असतात.

अनोळखी माणूस म्हणजे वाईट माणूस, ही शिकवण पडद्यावर फसते. रोज एकत्र गेम खेळणारा आठवड्याभरात ‘मित्र’ होतो. म्हणून ओळखीपेक्षा मागणीकडे लक्ष द्यायला शिकवणे अधिक उपयोगी. आजोबांच्या वाढदिवसाचे गुपित दोन दिवसांत सगळ्यांसमोर फुटते आणि सगळे हसतात. ‘आईला सांगू नकोस’ म्हणून फोटो मागणाऱ्याला मात्र ते कधीच फुटू द्यायचे नसते. हा फरक पाच वर्षांच्या मुलालाही कळतो. शाळांमधल्या ‘चांगला स्पर्श, वाईट स्पर्श’ या धड्याला जोडून तो सहज शिकवता येतो.

मुले गप्प राहतात ती बहुधा ओरड्याच्या आणि फोन काढून घेतला जाण्याच्या भीतीने. ‘मी चुकून दाबलं’ म्हणत आलेल्या मुलाला पहिल्याच वेळी धपाटा बसला, तर दुसऱ्या वेळी ते येत नाही. मग घरात कितीही नियम लावा.

बालकांचे लैंगिक शोषण दाखवणारी सामग्री माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७ब आणि २०१२ च्या पॉक्सो कायद्याखाली गुन्हा ठरते. अमेरिकेच्या १९९८ च्या कायद्याने मुलांची माहिती ऑनलाइन गोळा करताना पालकांची संमती लागण्यासाठी १३ वर्षांची रेषा आखली; भारताचा २०२३ चा वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा १८ वर्षांखालील सर्वांना बालक मानतो आणि पालकांची पडताळणीयोग्य संमती मागतो. संकटातील बालकांसाठी १०९८, तर ऑनलाइन आर्थिक फसवणुकीसाठी १९३० हा क्रमांक आहे. संतापाच्या भरात संदेश पुसून टाकू नयेत. समोरच्या खात्याचे नाव आणि संभाषणाचे स्क्रीनशॉट तक्रारीला लागतात.