हातचा घेणारी चिप

जुन्या सीडी प्लेअरचं झाकण काढून बसलो होतो, तेवढ्यात एक मित्र आला. आत डोकावला आणि उभ्या उभ्या निदान करून मोकळा झाला. "ही चौदा बिटांची चिप आहे. सीडी असते सोळा बिटांची. म्हणजे दोन बिट तू रोज फेकून देतोयस. आणि ती फिल्टरची चिप आहे ना, ती उपटून टाक. आवाज एकदम मोकळा होतो. सगळे करतात."

सगळे करतात हे खरं आहे. जुने प्लेअर सुधारण्याच्या छंदात ही शस्त्रक्रिया फार लोकप्रिय आहे. पण मित्राच्या बोलण्यातली गंमत अशी, की त्याचं 'दोन बिट फेकून देतोयस' हे वाक्य खोटं ठरतं ते नेमकं त्या फिल्टरच्या चिपमुळे. ती उपटली की ते खरं होईल.

थोडी उजळणी. सीडीवर आवाज म्हणजे आकड्यांची रांग. डाव्या आणि उजव्या बाजूचा आवाज प्रत्येकी सेकंदाला ४४,१०० वेळा मोजलेला, आणि प्रत्येक मोजमाप ६५,५३६ पायऱ्यांपैकी कुठल्या तरी एका पायरीवर बसवलेलं. सोळा बिट म्हणजे २ चा सोळावा घात, तोच हा आकडा. (४४,१०० हा विचित्र आकडा व्हिडिओ टेपमधून आला. सुरुवातीचं डिजिटल ध्वनिमुद्रण व्हिडिओ रेकॉर्डरवर करत. चित्राच्या एका ओळीत ३ नमुने म्हणजे मोजमापं, एका फील्डमध्ये म्हणजे अर्ध्या चित्रात वापरायच्या २४५ ओळी, सेकंदाला ६० फील्ड. गुणून पाहा.)

सीडीचं मानक ठरत होतं तेव्हा फिलिप्सकडे आकड्यांचं विजेच्या दाबात रूपांतर करणारी चिप तयार होती, टीडीए १५४०. ती चौदा बिटांची. सोनीने सोळाचा आग्रह धरला आणि १९८० साली मानक सोळावर पक्कं झालं. १९८२ मध्ये प्लेअर बाजारात आले. फिलिप्सने हातातली चिप मात्र टाकली नाही. तिच्या आधी दुसरी एक चिप बसवली, एसएए ७०३०. माझ्या प्लेअरमधली मित्राने उपटायला सांगितली ती हीच, आणि माझा जीव तिच्यावरच आहे.

चौदा बिटांत १६,३८४ पायऱ्या मिळतात. म्हणजे टीडीए १५४० ची एक पायरी सोळा बिटांच्या चार पायऱ्यांएवढी उंच. आता सीडीवरून आकडा आला २९. चौदा बिटांच्या भाषेत तो झाला सव्वासात. पण चिपला पूर्णांकच कळतात, सात किंवा आठ. सव्वासात दाखवायचे कसे?

प्राथमिक शाळेत शिकलो तसे. हातचा घेऊन.

एसएए ७०३० आधी नमुन्यांची संख्या चौपट करते. सेकंदाला ४४,१०० च्या जागी १,७६,४००. मधले तीन नमुने ती आजूबाजूच्या बऱ्याच नमुन्यांवरून गणिताने काढते. समजण्यापुरतं धरून चालू, की चारही वेळा उत्तर सव्वासातच आलं. पहिल्या वेळी सात दिले, पाव उरला. तो हातचा. दुसऱ्या वेळी सव्वासात आणि हातचा पाव मिळून साडेसात. पुन्हा सात दिले, हातचा अर्धा. तिसऱ्या वेळी पावणेआठ झाले. सात दिले, हातचा पाऊण. चौथ्या वेळी पूर्ण आठ. आठ दिले, हातचा शून्य. बाहेर काय पडलं? सात, सात, सात, आठ. सरासरी काढा. सव्वासात! ज्या चिपला सव्वासात म्हणताच येत नाही तिच्याकडून ते म्हणवून घेतले, आणि तेही एक सेकंद भागिले ४४,१०० एवढ्या वेळात.

सरासरी काढतं कोण? पुढचा साधा अॅनालॉग फिल्टर, म्हणजे आकड्यांवर नव्हे तर विजेच्या दाबावर काम करणारी गाळणी. सात-आठची ही उलाढाल इतकी झपाट्याने होते की ती आपल्या श्रवणमर्यादेच्या, म्हणजे २० किलोहर्ट्झच्या, पुष्कळ वर पडते आणि फिल्टर तिला पुसून टाकतो. खऱ्या संगीतात चारही नमुने सारखे नसतात, त्यामुळे हिशेब इतका गोजिरवाणा जुळत नाही, पण तत्त्व हेच. अभियंते याला नॉइज शेपिंग म्हणतात. चुका नाहीशा होत नाहीत, जिथे कोणी ऐकत नाही तिथे ढकलल्या जातात. आकड्यांत सांगायचं तर प्रत्येक बिटामागे आवाज आणि गोंगाट यांच्यातलं अंतर साधारण ६ डेसिबलने वाढतं. चौदा बिटांचे ८४. नमुने चौपट केल्याने चुकांचा गोंगाट चौपट रुंद पट्ट्यात पसरतो आणि आपल्या वाट्याला पावच येतो, तिथे ६ डेसिबल मिळाले. हातच्याचे आणखी सुमारे ७. बेरीज ९७, आणि सोळा बिटांचे होतात ९६. कुठे गेले ते फेकलेले दोन बिट?

याच चिपचं दुसरं काम. आकड्यांपासून आवाज बनवताना मूळ स्वराबरोबर त्याच्या आरशातल्या प्रतिमाही तयार होतात. २० किलोहर्ट्झच्या स्वराची प्रतिमा ४४.१ वजा २०, म्हणजे २४.१ वर. २० ठेवायचं आणि २४.१ कापायचं, तर अॅनालॉग फिल्टरचा कडा ताशीव लागतो. सुरुवातीच्या अनेक प्लेअरमध्ये तसेच फिल्टर होते, आणि ते वरच्या स्वरांची वेळ मागेपुढे करत. नमुने चौपट झाले की पहिली मोठी प्रतिमा १५६.४ वर जाते. मधे एवढं मोकळं रान असल्यावर साधा, उतरता फिल्टर पुरतो.

मग ही चिप काढल्यावर आवाज 'मोकळा' होतो असं लोकांना वाटतं ते खोटं का? नाही, फरक खरोखरच पडतो. चौपट न करता प्रत्येक नमुना पुढचा येईपर्यंत तसाच धरून ठेवला, की वरचे स्वर आपोआप दबतात. १० किलोहर्ट्झला पाऊण डेसिबल, २० ला तीनहून थोडं जास्त. शिवाय त्या प्रतिमा पुढच्या ॲम्प्लिफायरकडे जातात. पुढे टीडीए १५४१ ही पूर्ण सोळा बिटांची चिप आली. तिच्या प्लेअरमधली फिल्टर चिप काढली तर बिटांचं नुकसान नाही, पण ही घसरण तिथेही चुकत नाही. टोकाचा तीक्ष्णपणा कमी झालेला आवाज कुणाला आवडत असेल तर अवश्य ऐकावा. फक्त त्याला 'शुद्ध' म्हणू नये. ट्रेबलचं बटण किंचित मागे फिरवूनही त्याच गावाला जाता येतं, आणि वाटेत सोल्डरिंग गनने बोट भाजत नाही.

या छंदात विज्ञानाच्या वेशात अंधश्रद्धाही बरीच वावरते. सीडीच्या कडेला हिरवं मार्कर फिरवायचं, तबकडी फ्रीझरमध्ये ठेवायची, तिच्यातलं चुंबकत्व घालवायचं. तबकडी पॉलिकार्बोनेटची, आतला थर बहुधा ॲल्युमिनियमचा, चुंबकत्व घालवणार कुठून? लेसरने वाचलेले आकडे एक तर बरोबर येतात, किंवा चुकतात आणि रीड-सोलोमन या चुका शोधून सुधारणाऱ्या गणिती पद्धतीने दुरुस्त होतात. तबकडीवर अडीच मिलिमीटरपर्यंत सलग माहिती पुसली गेली तरी ती पूर्ण परत मिळवता येते. दुरुस्तीच्या फारच पलीकडे गेलं तर टक् असा आवाज येतो किंवा गाणं उडी मारतं. व्हायोलिन 'थोडं मखमली' होत नाही.

मग मी झाकण उघडून काय करत होतो? दुरुस्ती. डावी बाजू अर्ध्या तासाने खरखरायची आणि विझायची. मित्राच्या मते चिप थकली होती. भिंगाखाली पाहिलं तर सर्किट बोर्डाच्या दोन्ही बाजू जोडणाऱ्या एका बारीक खिळ्याभोवतीच्या सोल्डरला केसाएवढी गोल भेग. प्लेअर तापला की धातू प्रसरण पावे आणि सांधा सुटे. जुनं सोल्डर शोषून काढलं, नवं भरलं, आणि तसे सगळेच खिळे पुन्हा भरून घेतले.

दुसरा उपद्रव वीज साठवणाऱ्या इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटरांचा. त्यांच्या आतला ओलसर द्रव वर्षानुवर्षं उडत राहतो. १० अंश तापमान वाढलं की आयुष्य निम्मं, हा ढोबळ नियम. वीजपुरवठ्यातले दोन तर उष्णता बाहेर सोडणाऱ्या धातूच्या पट्टीला खेटून होते. त्यांचा अंतर्गत रोध नव्याच्या कित्येक पट भरला. असा कपॅसिटर वीज नीट गाळत नाही आणि मागे १०० हर्ट्झची घरघर राहते. बदलताना १०५ अंश सेल्सियसपर्यंत टिकणारे घातले आणि ध्रुव दोनदा तपासले, कारण उलटा बसला तर तो फुटतो. (लेसर चालू असताना भिंगात डोळा घालू नका. त्याचे किरण ७८० नॅनोमीटरचे असतात, जवळपास अदृश्य. दिसत नाही म्हणजे नाही, असं समजू नका.)

झाल्यावर मित्राला ऐकवलं. आधीचं ध्वनिमुद्रण मी करून ठेवलं होतं. दोन्ही एकाच पातळीवर आणली, कारण जरा मोठा आवाज नेहमीच जरा चांगला वाटतो. कोणतं कुठलं ते न सांगता सहा वेळा लावलं. सहाही वेळा त्याने बरोबर ओळखलं. गाण्यावरून नव्हे. गाणं सुरू व्हायच्या आधीच्या शांततेत घरघर आहे की नाही, एवढंच तो ऐकत होता.

आता ट्रेचा रबरी पट्टा बदलायचा आहे. सैल झालाय, ट्रे अर्ध्यावर अडतो आणि बोटाने ढकलावा लागतो.