पंखावरचा पारदर्शक बर्फ आणि चार मिनिटांचे उड्डाण

२७ डिसेंबर १९९१ रोजी सकाळी ८ वाजून ४७ मिनिटांनी स्कँडिनेव्हियन एअरलाइन्सचे ७५१ क्रमांकाचे विमान स्टॉकहोमच्या अर्लांडा विमानतळावरून कोपनहेगनकडे झेपावले. एमडी-८१ जातीच्या त्या जेट विमानात सहा कर्मचारी आणि १२३ प्रवासी होते. सुमारे चार मिनिटांनी ते गोत्त्रोरा या खेड्याजवळच्या शेतात आदळले आणि त्याचे तीन तुकडे झाले. काहींना गंभीर दुखापती झाल्या, पण १२९ पैकी एकही जण दगावला नाही. एकामागून एक यंत्रणा बंद पडत असताना वैमानिकांच्या हाती नेमके काय उरते, हे समजून घ्यायला मला या उड्डाणाइतके बोलके उदाहरण दुसरे दिसत नाही.

या बिघाडांचे मूळ आदल्या रात्रीत होते. विमान झुरिकहून येऊन रात्रभर उघड्यावर उभे होते आणि त्याच्या प्रत्येक पंखात सुमारे अडीच टन इंधन शिल्लक होते. उंचावरच्या कडाक्याच्या थंडीतून आलेले हे इंधन उतरल्यावरही बराच काळ थंडगार राहते, आणि पंखाचा पत्रा हीच टाकीची भिंत असल्यामुळे इंधन टेकलेला पत्राही तितकाच गार पडतो. फ्रीजमधून काढलेल्या बाटलीला बाहेर घाम फुटतो, तसा हवेतला ओलावा अशा पत्र्यावर जमतो. फरक एवढाच, की इथे पत्रा गोठणबिंदूच्या खाली असल्यामुळे ओलावा आणि पावसाचे थेंब जागीच थिजतात. म्हणूनच बाहेरचे तापमान शून्याच्या किंचित वर असतानाही पंखावर बर्फ धरला. हा बर्फ भुरभुरीत, पांढरा नसतो. त्यात हवेचे बुडबुडे फारसे अडकत नसल्यामुळे तो काचेसारखा पारदर्शक असतो आणि ओल्या पत्र्यावर नुसत्या डोळ्यांना पाण्यासारखाच दिसतो.

सकाळी तंत्रज्ञाने डाव्या पंखाच्या पुढच्या भागावर हात फिरवून पाहिला, तेव्हा तिथे असा बर्फ लागला नाही. त्यानंतर ८५ अंश सेल्सिअसपर्यंत तापवलेला ८५० लिटर बर्फनाशक द्रव विमानावर फवारण्यात आला. तरीही पंखांवरचा पारदर्शक बर्फ तसाच राहिला.

विमान जमीन सोडते त्या क्षणी त्याचे वजन पंखांवर येते आणि पंख वर वाकतात. पत्रा वाकला, पण बर्फाला वाकता येत नाही, त्यामुळे त्याचे तुकडे उडाले. एमडी-८१ ची दोन्ही इंजिने शेपटीजवळ, पंखांच्या बुडख्यामागे असल्याने हे तुकडे थेट त्यांच्या तोंडात गेले आणि पुढच्या पात्यांना इजा झाली. इंजिनातील कॉम्प्रेसर हवा ओढून मागे दाबत नेतो. पात्यांवरून ती सुरळीत वाहिनाशी झाली, की दाबलेली हवा उलटी उसळते, मोठे आवाज होतात आणि सगळे इंजिन हादरू लागते. यालाच सर्ज म्हणतात. उजव्या इंजिनात तो उड्डाणानंतर सुमारे २५ सेकंदांत सुरू झाला.

सर्जवर उपाय म्हणजे थ्रॉटल, म्हणजे इंजिनाचा जोर कमी-जास्त करणारा दांडा, पुरेसा मागे घेऊन इंजिनावरचा भार उतरवणे. कॅप्टन स्टेफान रासमुसेन यांनी उजवा थ्रॉटल थोडा मागे घेतलाही. पण विमानात एक स्वयंचलित यंत्रणा होती, जी उड्डाणाच्या वेळी एका इंजिनाचा रेटा घटल्याचे दिसताच आपणहून इंजिनांचा रेटा वाढवत असे. ही यंत्रणा विमानात आहे, हे कंपनीतील वैमानिकांना ठाऊकच नव्हते. जखमी इंजिनांवरचा ताण त्यामुळे वाढत गेला, आणि डाव्या इंजिनातही सर्ज सुरू झाला आहे हे त्या हादऱ्यांत लक्षात आले नाही. उड्डाणाला ७८ सेकंद होतात न होतात तोच दोन्ही इंजिने बंद पडली. विमान तेव्हा सुमारे ९८० मीटर उंचीवर, ढगांच्या आत होते.

इथून पुढचे बिघाड सुटे नव्हते, ते एकाच बिघाडाची पिल्ले होती. इंजिने थांबली म्हणून त्यांवर चालणारे जनित्र थांबले, जनित्र थांबले म्हणून कॅप्टनसमोरचे पडदे काळे पडले, आणि विमान राखीव उपकरणांच्या आधारे सांभाळावे लागले. त्यातच डाव्या इंजिनाच्या आगीचा इशारा वाजला आणि अग्निशामक वापरावा लागला. अशा वेळी वैमानिकांचा क्रम ठरलेला असतो: आधी विमान उडते ठेवायचे, मग दिशा बघायची, संभाषण त्यानंतर.

प्रवाशांमध्ये त्याच कंपनीचे एक कॅप्टन, पेर होल्मबर्ग, बसले होते. काहीतरी बिनसल्याचे ओळखून ते कॉकपिटमध्ये गेले, आणि कामाची वाटणी आपसूक झाली. रासमुसेन यांनी फक्त विमान हाताळावे, समोर बघत राहावे; फ्लॅप, म्हणजे पंखांच्या मागच्या कडेला उघडणाऱ्या झडपा, होल्मबर्ग सांभाळतील. ही वाटणी फार मोलाची ठरली असे मला वाटते, कारण बंद इंजिनांच्या विमानात फ्लॅपचे गणित नाजूक असते. फ्लॅप उघडले की कमी वेगातही पंख विमान तोलून धरतात, पण हवेचा विरोधही वाढतो. लवकर उघडले तर विमान शेतापर्यंत पोचत नाही, उशिरा उघडले तर ते फार वेगाने आदळते. होल्मबर्ग यांनी ते टप्प्याटप्प्याने उघडत नेले.

ढगांतून बाहेर पडल्यावर जंगलापलीकडे मोकळे शेत दिसले. केबिन कर्मचाऱ्यांनी प्रवाशांना पुढे वाकून बसण्याच्या सूचना दिल्या. झाडांना धडकून उजव्या पंखाचा मोठा भाग तुटला, शेपूट आधी जमिनीला टेकले आणि विमान सुमारे ११० मीटर घसरत जाऊन थांबले. आग लागली नाही.

स्वीडनच्या अपघात तपास मंडळाने मूळ दोष कंपनीच्या सूचना व कार्यपद्धतीत दाखवला: उड्डाणापूर्वी पारदर्शक बर्फ पंखांवरून नक्की निघाला आहे, याची खात्री करण्यास त्या अपुऱ्या होत्या. सर्ज ओळखून तो थांबवण्याचे प्रशिक्षण वैमानिकांना नव्हते, हेही मंडळाने नोंदवले. पुढच्याच वर्षी अमेरिकेच्या विमान वाहतूक नियामकाने या जातीच्या विमानांसाठी, असा बर्फ धरण्याजोगी परिस्थिती असेल तेव्हा, पंखांच्या वरच्या पृष्ठभागाची हाताने स्पर्श करून तपासणी सक्तीची केली.