परसबागेतली मेथी आणि मुलांची जीभ

शालेय पोषण आहाराच्या निकषांनुसार पहिली ते पाचवीच्या मुलाला जेवणात रोज 50 ग्रॅम भाजी मिळायला हवी. शंभर पटाच्या शाळेसाठी ही भाजी दिवसाला 5 किलो होते आणि शाळा वर्षाला दोनशे दिवस भरली, तर एक टन. शाळेमागच्या भिंतीलगतच्या चार वाफ्यांतून एवढी भाजी निघणार नाही, हे गणित परसबाग करणाऱ्यांनी आधीच मांडून ठेवलेले बरे. कारण बाग किलोंवर मोजली की ती अपुरी वाटते आणि तिचे खरे काम नजरेआड होते.

ते काम मुलांच्या जिभेवर चालते. अनोळखी अन्न नाकारणे हा लहान मुलांचा हट्ट नसून स्वभाव आहे, आणि कडू चव त्यांना मोठ्यांपेक्षा तीव्र लागते. नवी भाजी आवडू लागण्यासाठी ती आठ-दहा वेळा, कधी त्याहून जास्त वेळा, थोडी थोडी चाखावी लागते. घरी दोन-तीनदा ताटात तशीच राहिली की आई ती करणेच सोडते. बागेत मात्र ही ओळख जेवणाच्या आधीच सुरू होते. मेथी पेरल्यावर चार-पाच दिवसांत माती फोडून दोन जाडसर दले वर येतात, विरळणी करताना मुले उपटलेले रोप हुंगतात, एखादे पान दाताखाली धरून तोंड वाकडे करतात. आणि महिनाभराने तीच मेथी वरणात पडते, तेव्हा ती परकी राहिलेली नसते.

इथून पुढचा धडा रसायनशास्त्राचा आहे आणि तो शिकवायलाच हवा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (2019-21) महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील सुमारे 69 टक्के बालकांत रक्तक्षय आढळला. हीच मुले पुढे पहिलीच्या वर्गात येऊन बसतात. पालेभाजीत लोह असते, परंतु ते आतड्यात सहज शोषले जाणाऱ्या रूपात नसते. लिंबातले क जीवनसत्त्व त्याचे रूप बदलते आणि शोषण वाढवते. जेवणासोबत घेतलेला चहा नेमके उलटे करतो. शेवग्याच्या पाल्यातील बीटा कॅरोटिन, ज्यापासून शरीर अ जीवनसत्त्व तयार करते, ते तेलात विरघळते, म्हणून फोडणी हा पोषणाचाच भाग ठरतो. बागेच्या कडेला लिंबाचे एक झाड असले, तर हे सारे फळ्याशिवाय समजावता येते.

अशा बागांचा परिणाम तपासलाही गेला आहे. अमेरिकेत टेक्सासमधील 16 प्राथमिक शाळांत बागकाम, पोषण आणि स्वयंपाक एकत्र शिकवला, तेव्हा मुलांचे भाजी खाणे थोडे वाढले. वजन किंवा रक्तदाबात मात्र फरक पडला नाही. नेपाळमधील पहिल्या प्रयोगात मुलांचे ज्ञान वाढले, पण खाणे वाढले नाही. पुढे शाळेच्या बागेला पालकांच्या घरच्या बागेची जोड दिल्यावर ते वाढले. मला हा निष्कर्ष सर्वांत मोलाचा वाटतो, कारण मूल शाळेत फार तर एक वेळ जेवते आणि घरी चूल कोणाच्या हाती आहे, यावर बाकीचे ठरते.

आपल्याकडे या जोडणीला आणखी एक कारण आहे. मे महिन्यात शाळा बंद असते, हात धुण्याचे पाणी वाफ्यांकडे वळवणारे कोणी नसते आणि शेवगा, कढीपत्ता सोडले तर बाग करपून जाते. म्हणून वार्षिक परीक्षेच्या आधीच वालाच्या आणि घेवड्याच्या वाळलेल्या शेंगा मुलांकडून सोलून घ्याव्यात, बिया राखेत घोळून प्रत्येकाच्या हाती मूठभर द्याव्यात. पहिला पाऊस पडला की त्या घराच्या कुडाशी टोचता येतात, आणि वेल मांडवावर चढेपर्यंत शाळाही पुन्हा भरलेली असते.